कलम सात

बारा मराठी माणसं एका तळघरात जमली की त्यांतला एक जण घटना लिहायला घेतो. उरलेले अकरा त्याला हसतात आणि पुढची कैक वर्षं त्याच घटनेतून पळवाटा शोधत बसतात. आमच्यात घटना लिहिणारे म्हणजे अण्णा.

अण्णा न्यू जर्सीत एडिसनला राहतात, ओक ट्री रोडपासून जवळच. हेच गृहस्थ सांगलीत राहिले असते तर सोसायटीचे सेक्रेटरी झाले असते. थकबाकीदारांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली असती आणि गच्चीवर पापड वाळत घालायचे तर त्यासाठी अर्जाचा नमुना छापून घेतला असता. पण एडिसनच्या घराला गच्ची नाही. मराठी मंडळाचं खजिनदारपद एका चिवट पुणेकरानं धरून ठेवलेलं. वाव मिळत नाही म्हणून माणूस अंगचे गुण काही टाकून देत नाही. अण्णा फँटसी बास्केटबॉल लीगचे कमिशनर झाले.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळाडू एनबीएचे, खरेखुरे. संघ आमचे, कागदी. खरा खेळाडू रात्री डेन्व्हरला बास्केट करतो. त्याचे पॉइंट, रीबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक सकाळी आमच्या खात्यावर जमा. बहुतेक लीगांत हा मामला हलकाफुलका असतो. खेळाडू घ्यावा, दोन रात्री वापरावा, नाही पटला तर बटण दाबून सोडावा. आमच्या लीगमध्ये ते बटण दाबायला काळीज लागतं. ऑक्टोबरात लिलाव होतो. प्रत्येक मालकाला दोनशे कागदी डॉलरची कॅप. बोली जितक्यावर तुटेल तो त्या खेळाडूचा पगार, आणि करार एक ते चार वर्षांचा. चार वर्षांचा मोह असा की पोरगं उद्या मोठं नाव झालं तरी पगार तोच राहतो. तो मोह आवरावा म्हणून कलम सात: ‘कराराच्या मुदतीत खेळाडू सोडल्यास त्याच्या पगाराची निम्मी रक्कम, करार संपेपर्यंत प्रत्येक मोसमात, सोडणाऱ्या मालकाच्या कॅपवर बसेल.’ म्हणजे चाळीस डॉलरचा खेळाडू तीन वर्षांसाठी घेतलात आणि पहिल्याच महिन्यात सोडलात, तर तिन्ही वर्षं तुमच्या दोनशेतले वीस डॉलर गेले. खेळाडू गेला, पगार राहिला. याला डेड कॅप म्हणतात.

हे कलम घटनेत आलं ते २०१७ च्या जानेवारीत, मोसम अर्ध्यावर असताना. निमित्त पार्सिपनीला राहणाऱ्या मालकाचं, म्हणजे पार्सिपनीकरांचं. पार्सिपनीकर रोज संध्याकाळी सातला, ज्याचा त्या रात्री सामना आहे असा कोणीही खेळाडू उचलायचे आणि सकाळी दात घासता घासता सोडून द्यायचे. नियमात बसत होतं. अण्णांनी ते दोन महिने पाहिलं, आणि एका रात्री सगळ्यांना मसुदा आला. सोबत एकच ओळ: ‘ही लीग आहे, धर्मशाळा नव्हे.’ मोसमाच्या मध्यावर नियम बदलू नये हे खुद्द अण्णांचंच कलम दोन. ते त्यांनी कसं काय ओलांडलं, याचं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं. पण मसुद्यात एकही पळवाट नव्हती, त्या कौतुकात नवल विरून गेलं.

अण्णांची उंची पाच फूट चार इंच. बास्केटबॉल त्यांनी जन्मात हाती धरलेला नाही. ते अमेरिकेत आले तेव्हा नेट्स अजून न्यू जर्सीचे होते. जेसन किड त्यांना २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरीत घेऊन गेला आणि दोन्ही वेळा ते हरले. ऑफिसात कोणाची तरी उरलेली तिकिटं अण्णांना मिळत. आसपासचे लोक किडचे पास बघून बाकांवर उभे राहत. अण्णा बसल्या जागेवरून शेजाऱ्याला विचारत, ‘याला पगार किती? अजून वर्षं किती?’ पुढे २०१२ मध्ये नेट्स ब्रुकलिनला निघून गेले. लोक हळहळले. अण्णा म्हणाले, ‘स्टेडियमचा करार मुदतीआधी सोडला असेल तर भरपाई दिली की नाही, ते बघायला हवं.’

एनबीएचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो करार असतो, शेकडो पानांचा, तो अण्णांनी वाचलाय. त्याची प्रिंट काढून, तीन भागांत बांधून घेऊन, समासात पेन्सिलीनं खुणा करत. आपल्याकडे घरोघरी पोथ्या असतात पण पारायण झालेलं नसतं. अण्णांचं पारायण झालेलं आहे. १९८४-८५ च्या मोसमात कॅप आली तेव्हा एका संघाला छत्तीस लाख डॉलर खर्च करता यायचे, आणि २०२५-२६ मध्ये तीच मर्यादा पंधरा कोटी शेहेचाळीस लाखांच्या वर गेली, हे ते जेवताना सांगतात. ऐकणाऱ्यानं ‘बापरे’ म्हटलं तर त्यांना आवडत नाही. ‘बापरे काय? दोन्ही वर्षी लोकांनी चुकीचीच माणसं घेतली.’

त्यांची आवडती कथा ॲलन ह्यूस्टनची. न्यू यॉर्कच्या निक्सनी २००१ मध्ये या ह्यूस्टनला सहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार दिला, आणि त्याचे गुडघे गेले. २००५ च्या नव्या करारात संघांना एक सवलत मिळाली: एक खेळाडू सोडा, पगार त्याला द्या, पण त्याच्या पगारापायी बसणारा जादा खर्चाचा दंड, म्हणजे लक्झरी टॅक्स, माफ. सगळ्यांना वाटलं ही ह्यूस्टनसाठीच काढलीय. नियमाला नावच पडलं ‘ॲलन ह्यूस्टन रूल’. आणि निक्सनी ती सवलत वापरली भलत्याच खेळाडूवर, जेरोम विल्यम्सवर! ह्यूस्टन राहिला, आणि त्याच शरद ऋतूत आपणहून निवृत्त झाला. इथवर आलं की अण्णांना हसू आवरत नाही. अण्णा पोट धरून हसतात अशी माझ्या माहितीतली ही एकच गोष्ट.

या कथेवरून त्यांनी कलम आठ केलं: माफी. प्रत्येक मालकाला आयुष्यात एकदा एका खेळाडूचा दंड माफ. मात्र माफी मागावी लागते. विहित नमुन्यात, कारणांसह, ३१ ऑक्टोबरच्या आत, आणि ज्याचा दंड त्यानंच. ‘न मागता देतात ती माफी नव्हे, विसराळूपणा,’ असं त्याखाली टिपेत लिहिलंय.

कलम सातला पोटकलमं आहेत, आणि प्रत्येक पोटकलम हे कोणाच्या तरी हुशारीचं स्मारक आहे.

सात-अ हे साडू-कलम. खरी एनबीए काय करते, तर सोडलेला खेळाडू अठ्ठेचाळीस तास वेव्हर्सवर ठेवते. तेवढ्यात दुसऱ्या संघानं तो उचलला तर पगाराचं ओझंही त्याच्याकडे जातं. अण्णांनी हे जसंच्या तसं घेतलं. आमचे प्लेन्सबरोकर आणि जर्सीसिटीकर हे साडू. प्लेन्सबरोकर नको असलेला खेळाडू सोडायचे, जर्सीसिटीकर सत्तेचाळिसाव्या तासाला उचलायचे, दंड शून्य. नंतर जर्सीसिटीकरांच्या डोईजड माणसाला प्लेन्सबरोकर आधार द्यायचे. अण्णांना आकड्यांवरून संशय होता, पण पुरावा नव्हता. पुरावा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळाला. दोघी बहिणी अण्णांच्या घरच्या वहिनींना कौतुकानं सांगत होत्या की ह्यांचं हल्ली किती पटतं म्हणून, रात्री अकरालासुद्धा फोन, सगळं त्या बास्केटबॉलपायी. वहिनींनी तिळगुळाची डबी ठेवायला आत गेल्यावर ते अण्णांना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घटनादुरुस्ती आली: ‘एकाच सासऱ्याचे दोन जावई परस्परांनी सोडलेले खेळाडू वेव्हर्सच्या मुदतीत उचलू शकणार नाहीत.’ तेव्हापासून साडूंचं पुन्हा पूर्वीसारखं झालंय.

सात-ब कायरी अर्विंगमुळे आलं. २०२१-२२ मध्ये लस न घेतल्यामुळे त्याला ब्रुकलिनमधल्या घरच्या सामन्यांत उतरता येईना. आधी संघानं त्याला पूर्णच बाहेर ठेवलं, मग जानेवारीपासून फक्त परगावच्या सामन्यांना नेऊ लागले. जर्सीसिटीकरांचा युक्तिवाद: अर्धेच सामने खेळतो तर कॅपवर पगारही अर्धाच धरा. अण्णांनी तीन दिवस विचार केला आणि निर्णय दिला, ‘खेळाडूनं लस घ्यावी की नाही हे तो ठरवेल. त्याला घ्यावं की नाही हे तुम्ही ठरवलं होतं.’

सात-क डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणजे भूल देणारे. त्यांनी २०२१ च्या लिलावात झायन विल्यम्सनला अठ्ठेचाळीस डॉलरला, तीन वर्षांसाठी घेतलं. तळघरात टाळ्या पडल्या. झायन त्या मोसमात पायाच्या दुखण्यानं एकही सामना खेळला नाही. फेब्रुवारीत डॉक्टरांनी वैद्यकीय कारणावरून दंडमाफी मागितली आणि सोबत झायनच्या पायाचं सर्टिफिकेट जोडलं, स्वतःच्या लेटरहेडवर. अण्णांनी उलट टपाली विचारलं, ‘पेशंट तपासला का?’ डॉक्टर गप्प बसले. सोडलं तर दरसाल चोवीस डॉलर डेड कॅप. म्हणून त्यांनी ठेवला. दुसऱ्या वर्षी झायन असा काही खेळला की डॉक्टर लोकांच्या घरी जाऊन स्वतःचं अभिनंदन करून घेत होते. एकोणतीस सामने झाले आणि जानेवारीत मांडीचा स्नायू गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांचा धीर सुटला. त्यांनी झायनला सोडलं, चोवीस डॉलरचा दंड सोसला. अठ्ठेचाळीसचा करार अंगावर घ्यायला वेव्हर्सवर कोणी पुढे आलं नाही. ऑक्टोबरच्या लिलावात पार्सिपनीकरांनी त्याला तीस डॉलरला उचललं. त्या मोसमात झायन सत्तर सामने खेळला. आजवरचे त्याचे सर्वांत जास्त. डॉक्टर चोवीस डॉलर भरून ते पार्सिपनीकरांच्या खात्यावर बघत होते.

डॉक्टर मग पेटले. त्यांनी रात्री जागून एनबीएचा करार चाळला आणि मुद्दा काढला. खऱ्या लीगमध्ये सोडलेल्या खेळाडूला दुसरीकडे पगार सुरू झाला, तर जुन्या संघाला देण्यातली काही रक्कम वळती करून घेता येते. मग आमच्याकडे वळती का नाही? अण्णांनी तिन्ही भाग उघडले. पेन्सिलीची खूण सापडली. डॉक्टर बरोबर होते. अण्णांनी ते जाहीर कबूल केलं, डॉक्टरांचे आभार मानले, दुरुस्ती मंजूर केली, आणि खाली लिहिलं: ‘२०२४-२५ च्या मोसमापासून लागू. पूर्वलक्षी प्रभाव नाही.’ झायनचा करार २०२३-२४ ला संपलेला.

अण्णा दुसऱ्यांशीच असं वागतात असं कोणाला वाटत असेल तर त्यानं बेन सिमन्सचं प्रकरण ऐकावं. २०२१ च्या ऑक्टोबरात सिमन्सचं फिलाडेल्फियाशी बिनसलं होतं, भाव पडला होता, आणि अण्णांनी त्याला चोवीस डॉलरला चार वर्षांसाठी घेतलं. पहिल्या वर्षी सिमन्स एकही सामना खेळला नाही. मधेच त्याची रवानगी नेट्समध्ये झाली, त्यामुळे अण्णांच्या भावना गुंतल्या. दुसऱ्या वर्षी बेचाळीस सामने, त्यातही बास्केटकडे पाठ. २०२३ च्या उन्हाळ्यात अण्णांनी त्याला सोडलं, आणि त्याच संध्याकाळी सगळ्या मालकांना एका पत्राची प्रत आली:

‘प्रति, मालक, संघ क्रमांक ४, यांसी. विषय: कलम ७ अन्वये दंड आकारणेबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण खेळाडू बेन सिमन्स यांस करार शिल्लक असताना मुक्त केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब उर्वरित दोन मोसमांकरिता प्रत्येकी १२ डॉलर आपल्या कॅपवर का बसविण्यात येऊ नयेत, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. — कमिशनर.’

संघ क्रमांक चार म्हणजे अण्णाच. तिसऱ्या दिवशी खुलासा आला. नम्र होता, पण मुद्देसूद: खेळाडूच्या पाठीचं दुखणं, संघबदल, आणि ‘सदर मालकाचा हेतू शुद्ध असल्याबाबत’ एक परिच्छेद. चौथ्या दिवशी निकाल: ‘खुलासा समाधानकारक नाही. दंड कायम. खुलाशातील भाषा काहीशी भावनिक असून मालकांनी यापुढे काळजी घ्यावी.’ अण्णा स्वतःवर महिनाभर नाराज होते. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, ‘तो खेळ नक्की काय आहे हो? मला तर नुसते अर्ज दिसतात.’

अण्णांचं म्हणणं सरळ आहे. सोडणं फुकट असेल तर लोक घेतानाही विचार करत नाहीत. म्हणून सोडण्याला किंमत लावायची, की हात आपोआप जपून वर जाईल. आमचा अनुभव निराळा. लिलावाच्या दिवशी तळघरात बटाटेवडे आले, दोघांत चुरस लागली, की हात पूर्वी जात होता तितक्याच जोरात वर जातो. कलम सात तेव्हा कोणाला आठवतं? ते आठवतं डिसेंबरात, सोडायच्या वेळी. मग माणूस सोडत नाही. चुकलेला खेळाडू बाकावर ठेवून देतो, त्याला रोज सकाळी बघतो, आणि उद्या बरा होईल म्हणतो. एकदा सगळ्या संघांचा हिशेब मांडून मी अण्णांना म्हटलं, ‘तुमच्या नियमानं लोक घेताना सावध झाले नाहीत. फक्त आपली चूक जास्त दिवस सांभाळायला शिकले.’

‘मग?’ अण्णा म्हणाले. ‘सांभाळणं वाईट का?’

डेट्रॉइटचं उदाहरण मी तेव्हा ठेवणीतलं काढलं. पिस्टन्सनी २०१४ च्या डिसेंबरात जॉश स्मिथला करार शिल्लक असताना सोडलं. पाच जिंकलेले, तेवीस हरलेले अशी त्यांची अवस्था होती. तो गेला आणि ते लागोपाठ सात सामने जिंकले. सोडण्यानं भलं होतं की नाही? अण्णांनी चष्मा काढून पुसला. ‘झालं ना भलं. आणि २०१९-२० पर्यंत दर वर्षी त्याला चोपन्न लाखांच्या आसपास भरत राहिले. माझं म्हणणं तेच. सोडा. कोण नको म्हणतंय? पण भरा.’

खरी कसोटी लागली २०२५ च्या जुलैत. मिलवॉकीनं डेमियन लिलार्डला सोडलं. एप्रिलमध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली होती, पुढचं जवळजवळ अख्खं वर्ष जाणार होतं, आणि दोन मोसमांचे मिळून सुमारे अकरा कोटी तीस लाख डॉलर द्यायचे होते. एनबीएत अशा वेळी एक सोय आहे: उरलेल्या वर्षांची दुप्पट करा, त्यात एक मिळवा, आणि तेवढ्या वर्षांत रक्कम वाटून टाका. दोनाची पाच झाली. वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास, पाच वर्षं. जागा मोकळी झाली, तिथे माइल्स टर्नर आला. लिलार्ड आपल्या जुन्या पोर्टलंडला परतला, आणि त्याच्या नावानं पैसे मिलवॉकी भरतंय.

हे वाचून आमच्या अकराही जणांना एकाच वेळी पाझर फुटला. कारण डेड कॅप सगळ्यांच्याच डोक्यावर होती. पार्सिपनीकरांनी प्रस्ताव लिहिला, साडूंनी बऱ्याच दिवसांनी एकत्र येऊन अनुमोदन दिलं: आम्हालाही हप्ते करून द्या. दुप्पट अधिक एक. एनबीए करते.

अण्णांनी सभा बोलावली. पुढ्यात चहा, चिवडा आणि तिन्ही भाग. ‘एनबीए करते म्हणून आपणही करायचं?’ त्यांनी सुरुवात केली. ‘पाच वर्षांनी मिलवॉकीत जनरल मॅनेजर कोण असेल, कोच कोण असेल, सांगता येतं? ज्यानं चूक केली तो तोवर दुसऱ्या गावी मुलाखती देत असेल. हप्ते करणं म्हणजे बिल पुढच्या माणसाच्या नावावर फाडणं. आपल्याकडे पुढचा माणूस नाही. पाच वर्षांनीही इथे हेच बारा चेहरे असणार. त्यामुळे जे काय भरायचं ते आत्ता आणि तुम्हीच.’

‘पण अण्णा, पुढचा माणूस आहे की,’ डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

धाकटा म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, इथेच जन्मलेला, रटगर्सला शिकतो. आमचा एक मालक नोकरीसाठी डॅलसला गेला तेव्हा त्याचा संघ धाकट्याला मिळाला, आणि संघाबरोबर एकतीस डॉलरची डेड कॅपही. त्यानं न घेतलेल्या, न सोडलेल्या तीन खेळाडूंची. तेव्हा तो रडकुंडीला आला होता. अण्णांनी त्याला समजावलं होतं, ‘घर घेतलं की गळकं छप्परही आपलं.’ आता सगळ्यांचा मोहरा त्याच्याकडे वळला तसा तो लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, ‘अण्णा काका, मी शीट बघत होतो. आपल्या बारा टीम आहेत. हा तेरावा टीम कोणाचा आहे?’

लीगचा सगळा हिशेब एका शीटमध्ये असतो. ती सगळ्यांना दिसते, पण माणूस आपली ओळ बघतो आणि मिटतो. बाराव्या ओळीखाली, पाचसहा रिकाम्या ओळी सोडून, बारीक अक्षरात एक ओळ होती. संघाचं नाव नाही, फक्त एक रेघ. खेळाडू एक. आकडे मात्र आमच्यासारखे चोवीस आणि बारा नव्हते, खरे होते, पाच-पाच अंकी. पहिली नोंद जानेवारी २०१७.

तो महिना एकट्या मलाच आठवला असं नाही. पार्सिपनीकरांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. त्या जानेवारीत अण्णांची नोकरी गेली होती. पंधरा वर्षांच्या वर काढलेली कंपनी. नाव इथे नको. सकाळी मीटिंगला बोलावलं, बिल्ला काढून घेतला, पुठ्ठ्याचं खोकं दिलं, आणि दुपारी अण्णा घरी. कारण द्यावं लागत नाही, मुदत पाळावी लागत नाही. न्यू जर्सीत बहुतेक नोकऱ्या अशाच असतात. दोन्ही बाजूंनी केव्हाही सोडायच्या. एनबीएतला बाराव्या नंबरचा खेळाडूसुद्धा करार करून येतो.

‘अण्णा, याला वर्षं कशी धरलीत?’ डॉक्टरांनी हळूच विचारलं. पेशाला धरूनच विचारलं.

‘तीच अडचण होती,’ अण्णा म्हणाले. जरासुद्धा ओशाळले नाहीत, उलट खुलले. ‘करारात मुदतच नव्हती. मग सोशल सिक्युरिटीचं पूर्ण वय धरलं, सदुसष्ट. तोपर्यंतचे मोसम, गुणिले पगाराचा निम्मा.’

‘आणि हे काय?’ धाकट्यानं बोट ठेवलं. २०२४ पासून प्रत्येक वर्षाच्या आकड्यातून काही रक्कम वजा होत होती.

‘वळती. मला तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली ना. नवीन पगार सुरू झाला तर जुन्या संघाचा बोजा कमी व्हायला नको?’

‘मग २०१७ पासून का नाही दिलीत?’

‘पूर्वलक्षी प्रभाव नाही,’ डॉक्टरच म्हणाले. अण्णांनी समाधानानं मान डोलावली. निदान एक माणूस तरी घटना वाचतो.

पार्सिपनीकरांना राहवेना. ‘अण्णा, त्यांनी तुमच्यावर अन्याय केला तो केला, पण...’

‘छे हो, अन्याय कसला! त्यांच्या जागी मी असतो तर मीही मला सोडलं असतं. पगार चढलेला, काम उतरलेलं, कॅपमध्ये बसत नव्हतो. निर्णय बरोबर. फक्त दंड भरलेला नाही.’

कोणी काही बोलेना. अशा वेळी काय बोलावं हे घटनेत नव्हतं. शेवटी प्लेन्सबरोकरांनी घसा साफ केला आणि त्यांच्या आयुष्यातला पहिला निःस्वार्थी प्रस्ताव मांडला: तेराव्या संघाला कलम आठखाली माफी द्यावी. जर्सीसिटीकरांनी अनुमोदन दिलं. धाकट्यानं हात वर केला, मग डॉक्टरांनी, मग एकेक करून सगळ्यांनी. अकरा हात.

अण्णांनी हात मोजले. मग घटना उघडली, खूण केलेल्या पानावर गेले, पण वाचायची गरज पडली नाही.

‘माफी अर्जावर मिळते. अर्ज ज्याचा दंड त्यानं करायचा. मुदत ३१ ऑक्टोबर,’ ते म्हणाले. ‘त्यांचा अर्ज आलेला नाही. प्रस्ताव अग्राह्य. हप्त्यांचाही नामंजूर. पुढचा विषय घ्या.’